‘प्रार्थनेला बसतो, पण आत काहीच हलत नाही’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय 36. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे; एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. ख्रिस्ती मंडळीतच वाढलो, 7 वर्षं रविवार शाळेत शिकवतो. दहा महिन्यांपूर्वी वडील गेले. 23 दिवस ते आयसीयूत होते, मंडळीनं साखळी प्रार्थना (आळीपाळीनं, खंड न पडू देता) धरली होती. मधे तब्येत सुधारली तेव्हा मी उपासनेत उठून, देवानं ऐकलं अशी साक्षही दिली. त्यानंतर आठवड्यात ते गेले. तेव्हापासून प्रार्थना म्हणजे भिंतीशी बोलणं झालंय. शास्त्र उघडतो, ओळी डोळ्यांपुढून नुसत्या सरकतात. दर शुक्रवारी उपवास धरतो. 40 दिवसांचा संकल्प दोनदा केला, दोन्हीदा मोडला. एक मावशी म्हणाल्या, ‘कुठंतरी लपलेलं पाप असेल, शोध.’ रात्री तीन-तीन वाजेपर्यंत मोबाइलवर देव आहे की नाही याचे वादविवाद बघतो. मुलांना शिकवताना ढोंगी वाटतं. बायकोला यातलं निम्मंही माहीत नाही. कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं. प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घ्यावं की नाही तेही कळेना. विश्वास परत कसा आणू?

उत्तर:

प्रिय बंधू, येशूच्या नावात सलाम.

‘सकाळ झालीच नाही तर बरं’ हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, पण उत्तर तिथूनच सुरू करायला हवं. स्वतःला सरळ विचारा: हा थकवा बोलतोय, की कसं, कुठं, कधी असलंही काही डोक्यात येऊन गेलंय? तसं काही येऊन गेलं असेल तर पुढचं वाचणं बाजूला ठेवा आणि आत्ता बायकोला किंवा भावाला सांगा. एकटे राहू नका. घरात शेतीचं औषध असेल, वडिलांच्या उरलेल्या गोळ्या असतील, तर त्या दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि कपाटाची किल्ली स्वतःकडं ठेवू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्याचा अपघात विभागही रात्री उघडा असतो. तिथं ‘मरणाचे विचार येताहेत’ एवढं सांगितलं तरी पुरे. पोलीस केस होईल या भीतीनं गप्प बसू नका, विचार येणं हा गुन्हा नाही.

नुसता थकवा असला तरी बायकोला आजच सांगा. कुठून सुरुवात करायची हे सुचत नसेल तर म्हणा, ‘बाबा गेल्यापासून मला कशातच रस वाटेना. उपाय सांगू नकोस, जरा शेजारी बस.’ हे न सांगितलं तर घरची माणसं प्रेमापोटी लगेच उपाय सांगायला लागतात, म्हणून आधीच सांगून टाकायचं.

असा विचार आला म्हणजे आपण विश्वासातून पडलो, ही भीतीही बाजूला ठेवा. मोशेनं मरण मागितलं (गणना 11), योनानं मागितलं, एलीयानं मागितलं. देवानं तिघांपैकी एकालाही त्यासाठी टाकून दिलं नाही.

एलीया संदेष्ट्याचा अध्याय, 1 राजे 19, सावकाश वाचा. आपल्याकडं प्रवचनात तो बहुधा देवाच्या ‘मंद वाणी’पासून सुरू होतो आणि पहिली आठ वचनं तशीच राहतात. तुमच्या कामाचं नेमकं तिथंच आहे. कर्मेल डोंगरावर बाल दैवताच्या संदेष्ट्यांना हरवून आलेला माणूस ईजबेल राणीच्या धमकीच्या एका निरोपानं पळतो. बैर-शेब्याला चाकराला सोडतो, एकटाच रानात एक दिवसाची वाट चालतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे. मग तो झोपतो. देवदूत उठवतो तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. खातो, पितो, पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा जेवायला घातलं जातं, आणि कारण दिलं जातं ते एवढंच की पुढची वाट तुला झेपणारी नाही. त्यात विश्वास कमी पडल्याची बोलणी नाहीत, पापाची चौकशी नाही. ‘तू इथं काय करतोस?’ हा प्रश्न येतो तो 40 दिवसांची वाट चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. तिथंही एलीया दोनदा तीच तक्रार, त्याच शब्दांत करतो. देव त्याला काम देतो, जोडीला अलीशा देतो आणि सांगतो की बालापुढं गुडघे न टेकलेले आणखी 7000 आहेत.

आता तुमचा शुक्रवार. रात्रपाळीच्या आठवड्यात, भट्टीच्या धगीत, घाम निथळत असताना रिकाम्या पोटी राहणं यात आत्मिक लाभ काही नाही. चक्कर येते, हातून चूक होते, आणि उपाशी व अर्धवट झोपलेल्या माणसाचं मन आणखी काळवंडतं. उपवास सध्या बंद करा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढंही धरू नका, साखर एकदम उतरते. मोडलेल्या संकल्पांबद्दल देवाला एकदाच सांगा, ‘प्रभू, दुःखाच्या भरात घाईनं बोललो, मला ते झेपलं नाही, क्षमा कर.’ उपदेशकाचा पाचवा अध्याय घाईनं बोललेल्या नवसाबद्दल सावध करतो, ते आता पुढच्यासाठी लक्षात ठेवायचं. नवा संकल्प नको. 21 दिवसांचाही नको, 7 दिवसांचाही नको.

कास्टिंगला ब्लोहोल (हवेची भोकं) आले तर तुम्ही भट्टी आणखी तापवत बसत नाही. वाळू ओली होती का, व्हेंट बुजलं का, कोअर नीट वाळला होता का, हे एकेक बघता. मन कोरडं पडलं की मात्र आपण सगळे एकच करतो: आणखी प्रार्थना, आणखी उपवास, आणखी जोर. तुमच्या पत्रात शरीराचा थकवा, बापाचं दुःख, अपराधी भावना आणि खरेखुरे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. तुम्ही चौघांनाही ‘विश्वास गेला’ असं एकच नाव दिलंय, म्हणून एकाचंही औषध सापडत नाही.

शरीराचं आधी. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असणं किंवा कशातच गोडी न वाटणं; त्यात झोप आणि भूक बिघडलेली, लक्ष लागत नाही, सतत अपराधी वाटतं, मरणाचे विचार येतात, असं असलं की डॉक्टर डिप्रेशनच्या दृष्टीनं तपासतात. तुमचे दहा महिने झालेत. स्वतःची एक साधी परीक्षा घ्या: रविवारच्या तांबड्या रश्श्याची चव लागते का? पोरांबरोबर रंकाळ्यावर गेलात तर बरं वाटतं का? तिथंही काहीच वाटत नसेल, तर कोरडेपणा फक्त प्रार्थनेपुरता नाही, गोडी वाटण्याची ताकदच आजारी आहे. शास्त्राच्या ओळी नुसत्या सरकणं हेही बहुधा त्याच आजाराचं लक्षण. वर्तमानपत्राच्याही सरकत असतील, फक्त त्याबद्दल तुम्हाला कुणी दोष देत नाही.

सीपीआरला मानसोपचार विभाग आहे, ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. खासगीत जायचं तर फॅमिली डॉक्टरांकडून सुरुवात करा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 आणि साखर एकदा बघून घ्यायला सांगा, कारण यातलं काही बिघडलं तरी माणूस असाच गळून जातो. रात्रपाळीचं नक्की सांगा. औषध सुरू झालं तर पहिल्या दोन ते चार आठवड्यांत फारसा फरक दिसत नाही, आणि बरेच जण नेमके तिथंच सोडतात. बरं वाटायला लागल्यावर मनानं बंद करणं ही दुसरी चूक. काही महिने घ्यावं लागतं आणि डॉक्टरांच्या सांगण्यानंच हळूहळू कमी करावं लागतं. ‘औषध घेतलं म्हणजे देवावर भरवसा नाही’ असं कुणी म्हणालं तर पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं, ते दाखवा (1 तीमथ्य 5:23) आणि वाद वाढवू नका. औषध बंद करायला लावणाऱ्या किंवा बरं होण्यासाठी अमुक रकमेची ‘पेरणी’ करायला सांगणाऱ्या सभेत तर पुन्हा पाऊल टाकू नका.

रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे चारनंतर चहा नको. घरी आलात की नाश्ता, अंघोळ, जाड पडदा ओढून झोप, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत.

मावशींचं. येशूला हाच प्रश्न शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल विचारला होता, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? उत्तर आलं, कुणाचंच नाही (योहान 9). शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, ती काही जास्त पापी नव्हती, हेही येशूनंच सांगितलं (लूक 13). ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते. तोंड उघडून कारणं शोधायला लागले आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर निघाला, ईयोबावर नाही. मावशी प्रेमानंच बोलल्या असतील. पुन्हा विषय निघाला तर म्हणा, ‘मावशी, माझ्यासाठी प्रार्थना करा, पण कारण शोधू नका.’

तरीही अपराधी वाटत असेल तर ते तपासायची एक रीत आहे. खऱ्या पापाला नाव असतं, साधारण तारीख असते आणि बहुधा समोर एखादा माणूस असतो: अमुक दिवशी वडिलांवर ओरडलो, अमक्याचे पैसे बुडवले. तसं काही सापडलं तर एकदा कबूल करा, भरपाई शक्य असेल तर करा, 1 योहान 1:9 वाचा आणि त्यावर पडदा टाका. ज्याला नाव नाही, तारीख नाही, नुसतं ‘तुझ्यातच काहीतरी घाण आहे’ एवढंच जे कुजबुजतं, त्याच्या मागं उकरत जाऊ नका. पवित्र आत्मा दोष दाखवतो तो नेमका आणि त्यातून बाहेर पडायची वाट दाखवून. एकच कबुली रात्रीतून दहा-दहादा देऊनही चैन पडत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तो वेगळा आजार असू शकतो आणि त्यालाही उपचार आहेत.

आता प्रश्न आणि व्हिडिओ. प्रश्न विचारणं पाप नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं तुरुंगातून विचारायला पाठवलं, येणारा तो तूच का, आणि येशूनं त्याच वेळी लोकांपुढं त्याची स्तुती केली (मत्तय 11). पण रात्री तीन वाजता, पाळी करून आलेल्या डोक्यानं, दुसऱ्याला हरवायला निघालेल्या माणसांचे व्हिडिओ बघणं म्हणजे शोध नव्हे. त्या वेळी देवाच्या बाजूचा माणूसही पटत नाही आणि विरुद्ध बाजूचाही पटत नाही, नुसती धडधड वाढते. एक शंभरपानी वही घ्या. एका पानावर एकच प्रश्न. शनिवारी दुपारी झोप काढून झाली की पाऊण तास त्या वहीला, बाकी आठवडाभर प्रश्न आला की पानावर टिपायचा आणि वही मिटायची. महिन्यानं बघाल तर प्रश्नांचे दोन ढीग पडलेले दिसतील. शुभवर्तमानं कधी लिहिली गेली, पुनरुत्थानाला साक्षीदार कोण, असल्या प्रश्नांना अभ्यासानं उत्तरं मिळतात. त्यासाठी पाळकांकडं किंवा थिऑलॉजी शिकलेल्या कुणाकडं जा. ‘माझ्या बापालाच का?’ हा प्रश्न त्या ढिगातला नाही. त्याला जगातल्या कुठल्याही पंडिताकडं उत्तर नाही, आणि असल्याचं जो सांगतो त्याच्यापासून लांब राहा. तो प्रश्न वहीतून काढून प्रार्थनेत घ्यायचा.

आणि नेमकी तीच प्रार्थना आपल्याला कुणी शिकवलेली नसते. आपल्या मंडळ्यांत उपकारस्तुती शिकवतात, विनवणी शिकवतात, साक्ष द्यायला शिकवतात. गाऱ्हाणं घालायला शिकवत नाहीत. 150 स्तोत्रांपैकी गाऱ्हाण्याची स्तोत्रं मात्र ढीगभर आहेत. स्तोत्र 13 बघा, सहाच वचनं. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. मग दोन वचनं मागणं. भरवसा येतो तो शेवटी, दोनच वचनांत. स्तोत्र 88 त्याहून पुढं जातं: सुरुवातीला देवाला ‘माझ्या उद्धारक देवा’ म्हणतं आणि मग अठराव्या वचनापर्यंत एकही आशेची ओळ न येता अंधारात संपतं. ते तसंच पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी शेवटी आनंदाचं कडवं जोडलेलं नाही. उपासनेत हे स्तोत्र वाचलेलं क्वचितच ऐकू येतं, ही आमच्या मते आपली मोठी चूक आहे. वर्षातून दोनदा जरी वाचलं, तरी मागच्या बाकावरच्या कितीतरी जणांना आपण एकटे नाही एवढं कळेल.

पुढचे चार आठवडे असं करा. सकाळी 5 मिनिटं, कामाला निघण्याआधी 5 मिनिटं, रात्रपाळीत झोपेआधी आणि निघताना. मोबाइलवर टायमर लावा. पहिल्या आठवड्यात रोज स्तोत्र 13, दुसऱ्यात 88, तिसऱ्यात 42 आणि 43 मिळून, चौथ्यात 130. रोज नवीन काही शोधायचं नाही. मोठ्यानं वाचायचं, कारण मनातल्या मनात वाचलं की डोळे पुन्हा सरकायला लागतात. वाचवत नसेल तर बायकोला वाचायला सांगा, तुम्ही ऐका. मग दोन-तीन वाक्यं स्वतःची बोला. टायमर वाजला की थांबा, एखाद्या दिवशी बरं वाटत असलं तरी थांबा. इथं माणसं हमखास घसरतात: एका चांगल्या दिवशी पाऊण तास बसतात, दुसऱ्या दिवशी 5 मिनिटं अपुरी वाटतात, तिसऱ्या दिवशी बसणंच टळतं आणि चौथ्या दिवशी अपराधी वाटतं. एखादा दिवस चुकला तर भरून काढू नका. पाच मिनिटं झाल्यावर ‘काही वाटलं का?’ हे तपासायलाही बसू नका. काही वाटणं हे तुमच्या हातातलं काम नाही.

स्वतःचं गाऱ्हाणं आठवड्यातून एकदा लिहून काढा, अर्ध्या पानाच्या वर नको. देवाला थेट हाक, काय झालं त्याचे बारीक तपशील, आणि आजच्यापुरतं एक छोटं मागणं. तुमच्या पत्रातूनच उदाहरण देतो:

‘देवा, तू ऐकतोस असं मला लहानपणापासून शिकवलं. 23 दिवस मी आयसीयूच्या दाराशी बसून तुला हाका मारल्या. बाबा जरा बरे झाले तेव्हा मंडळीपुढं उभा राहून तुझं नाव घेतलं. आठवड्यात तू त्यांना नेलंस आणि मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडलो. मला याचा राग आहे, आणि राग आहे याची भीतीही आहे. आज मला सलग पाच तास झोप लागू दे. संध्याकाळी आई बाबांचा विषय काढेल तेव्हा मला उठून बाहेर जावंसं वाटू नये.’

एवढंच. ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ हे वाक्य आपोआप आलं तर लिहा, नाही आलं तर स्तोत्र 88 लिहिणाऱ्यालाही आलं नव्हतं. बाबांच्या दुःखात त्या साक्षीची लाज मिसळलीय असं पत्र वाचताना सारखं जाणवलं, म्हणून ती नावानिशी देवापुढं मांडा. तुम्ही खोटं बोलला नव्हता. त्या दिवशी सुधारणा होती, त्या दिवशी तुम्ही आभार मानले.

तेच तेच शब्द येतात याचं वाईट वाटून घेऊ नका. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं तिसऱ्या वेळी प्रार्थना केली तीही त्याच शब्दांत, असं मत्तय सांगतो. आणि दुःखाचा प्याला टळावा ही त्यातली विनंती मान्य झाली नाही. त्याच रात्री त्यानं तिघा मित्रांना ‘माझ्याबरोबर जागे राहा’ असंही सांगितलं होतं. देवाच्या पुत्राला एकट्यानं ती रात्र काढायची नव्हती, आणि तुम्ही दहा महिने एकट्यानं काढताय.

म्हणून माणसं. पाळकसाहेबांना उपासनेनंतर दारात हात मिळवता मिळवता सांगू नका. तुमच्या मागं वीस माणसं उभी असतात आणि ‘प्रार्थना करतो हं’ यापलीकडं काही मिळत नाही. आठवड्यात फोन करा: ‘साहेब, अर्धा तास हवाय, चर्चच्या ऑफिसात बसू.’ गेल्यावर मरणाच्या विचारांसकट सगळं सांगा. मग नेमकं मागा. याकोब 5:14 प्रमाणे मंडळीच्या दोघा वडीलजनांना घेऊन घरी यावं, तेल लावून, हळू आवाजात प्रार्थना करावी, गर्दी नको. आणि दर आठवड्याला अर्धा तास भेटेल असा एक माणूस जोडून द्यावा. नेमकं मागितलं नाही तर उपदेश मिळतो, तोही चांगलाच असतो, पण तुम्हाला आत्ता तो नकोय.

तो माणूस तुम्हीही निवडू शकता. एकच कसोटी लावा: दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी तो ‘प्रार्थना विषय’ म्हणून तुम्हाला सांगतो का? सांगत असेल तर तुमच्याही सांगणार. बरं वाटावं म्हणून मंगळवारी एका सभेला, शुक्रवारी दुसऱ्या सभेला फिरणंही थांबवा. रोज नव्या अनोळखी माणसांत दुःख सांगून माणूस रिकामाच घरी येतो. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण पक्षाघाती माणसाला छत उघडून खाली सोडतात. तिथं लिहिलंय की येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. खाटेवरच्याच्या विश्वासाची वेगळी विचारपूस कुणी केली नाही. सध्या खाटेवर तुम्ही आहात, त्यामुळे ‘विश्वास परत कसा आणू’ हा प्रश्न काही महिने त्या चौघांवर सोडा. रविवारी गाणं तोंडातून फुटत नसेल तर उपासना-संगीताचं पुस्तक हातात धरून बसा, शेजारचा म्हणतो ते ऐका. शनिवारची रात्रपाळी करून आलात आणि डोळा लागला तरी चालेल.

ढोंगी वाटण्याबद्दल. जे नको आहे ते हवं असल्याचा देखावा करतो तो ढोंगी. तुम्हाला देव हवा आहे आणि सापडत नाही, यात देखावा कसला? मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात डोंगरावर शिष्य नमन करतात आणि ‘काहींना संशय वाटला’ हेही त्याच वचनात आहे. जगभर जाण्याची आज्ञा त्या संशयवाल्यांनाही मिळाली. लंडनचे प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन 22 वर्षांचे असताना, ऑक्टोबर 1856 मध्ये, त्यांच्या सभेत ‘आग’ अशी खोटी ओरड झाली आणि चेंगराचेंगरीत 7 जण मेले. त्यानंतर आयुष्यभर त्यांना खिन्नतेचे झटके येत राहिले, आणि ते व्यासपीठावरून त्याबद्दल उघड बोलत. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं की त्यांच्या आतला अंधार कित्येक दशकं टिकला होता, आणि त्या काळात त्यांचं काम थांबलेलं नव्हतं.

तरी रविवार शाळेतून तीन महिने रजा घ्या. राजीनामा नको. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोलांचा एक नियम आहे: मन कोरडं असताना, ते उजेडात असताना घेतलेले निर्णय बदलायचे नाहीत. नोकरी, मंडळी, लग्न, सेवा यातलं काहीही या काळात सोडायचं नाही. रजेचं वेगळं, ती ठरलेल्या तारखेला संपते. सहशिक्षकाला हजेरीची वही आणि नाताळच्या कार्यक्रमाची यादी देऊन टाका. मुलांना ‘सरांची तब्येत बरी नाही’ एवढं सांगा, ते खरंच आहे. रजा नकोच असं वाटलं तर धडा सांगण्याचं काम दुसऱ्याला द्या आणि तुम्ही चित्रं रंगवायला बसवा.

प्रभुभोजन घ्या. 1 करिंथ 11 मधलं ‘स्वतःची परीक्षा करा’ हे श्रीमंत आधीच खाऊन-पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत, त्या मंडळीला लिहिलेलं आहे. स्वतःला अपात्र समजून रडणाऱ्या माणसाला टेबलापासून लांब ठेवण्यासाठी ते लिहिलेलं नाही. मार्क 9 मधल्या बापानं आपला विश्वास आणि अविश्वास एकाच वाक्यात येशूपुढं ठेवला, आणि त्याचा मुलगा बरा झाला. त्याचं वाक्य, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक’, टेबलाशी मनात म्हणा. भाकर हातात घेऊन खायची असते, त्या वेळी काही वाटलं पाहिजे अशी अट नाही.

एक राहिलं. दोन महिन्यांनी वडिलांचं वर्ष येतंय. त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस जड जातील. सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं असं वाटेल, तेव्हा औषध किंवा 5 मिनिटं सोडू नका. स्मरणाच्या उपासनेत काय वाचायचं ते पाळकसाहेबांशी आधीच ठरवा, स्तोत्र 13 मागून घ्या. ‘देवानं केलं ते बऱ्यासाठीच’ अशी साक्ष द्यायला कुणी तुम्हाला उभं करणार नाही, हेही त्यांना सांगून ठेवा. जेवणाची जबाबदारी भावाकडं किंवा मेव्हण्याकडं द्या. आणि त्या आठवड्यात रात्रपाळी नको, सुपरवायझरला आत्ताच गाठा, ऐनवेळी बदली माणूस मिळत नाही.